विड्रॉलचा अर्ज

"ऋजू, तोंड नंतर धू. आधी हे वाच."

आईने मोबाईल थेट माझ्या नाकासमोर धरला. माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस, हातात ब्रश. मी बोटाने 'थांब' अशी खूण केली, तर म्हणाली, "थांबायला वेळ नाही बाई. बारापर्यंत पतसंस्थेला होय-नाही कळवायचंय."

मी चूळ भरली आणि मोबाईल घेतला. आता मी बारावीत आहे. तेव्हा नववीत होते. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच यायचा. विम्याचा असो, पप्पांच्या दवाखान्याचा असो, नाहीतर नव्या मिक्सरचा. दोन महिन्यांपूर्वीच मी जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. मी! सातवीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट मॅडम' म्हणताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती मी! त्या दिवसापासून जी बोलायला लागले ती थांबेचना. भाजीवालीशी बोलायची, रिक्षावाल्याशी बोलायची, कुणी विचारलं नाही तरी सांगायची. पप्पा म्हणायचे, "हिला एक बटण बसवून घ्यायला पाहिजे. किमान आवाज कमी करायचं तरी."

"वाच ना गं," आई म्हणाली.

आई ऑर्बिवेक्स नावाच्या कंपनीत होती. ही युरोपातली क्रिप्टोची बाजारपेठ, म्हणजे लोक तिथे मोबाईलवर आभासी नाणी घ्यायचे-विकायचे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं आणि तिथे बत्तीस बायका बसायच्या. युरोपात कुणीही खातं उघडलं की त्याचा पासपोर्ट, फोटो आणि विजेचं बिल या बायकांच्या पडद्यावर यायचं. मुदत संपलेली नाही ना, फोटो त्याच माणसाचा आहे ना, पत्ता जुळतोय ना, एवढं बघायचं. जुळलं तर हिरवं बटण, नाहीतर लाल. आई दिवसाला दोनशे जण तपासायची. "आज पोर्तुगालचे एक आजोबा होते. अगदी आपल्या आप्पांसारखे मिश्या पिळलेले. पण पासपोर्ट मार्चमध्येच संपलेला. केले लाल," असं जेवताना सांगायची. मी वर्गात जाऊन सांगायची, "युरोपात कुणाला आत घ्यायचं ते माझी आई ठरवते."

पण त्या वर्षी युरोपात नवा कायदा आला होता. क्रिप्टोचा धंदा करायचा तर तिथल्या एका तरी देशाचा परवाना पाहिजे. तो मिळाला की सगळ्या देशांत दुकान मांडता येतं, नाही मिळाला तर ठरलेल्या तारखेनंतर शटर खाली. ऑर्बिवेक्सने एस्टोनिया नावाच्या देशात अर्ज केला होता. महिना झाला, उत्तर नव्हतं. त्यात नऊ दिवसांपासून ग्राहकांना आपले पैसे काढता येत नव्हते. 'तांत्रिक कारण' असं वेबसाइटवर लिहिलेलं. ऑफिसात सगळ्या जणी रोज एकच प्रश्न विचारायच्या, "विड्रॉल सुरू झालं काय?" तिथले सुपरवायझर पेडणेकर सर सांगायचे, "परवाना आला की विड्रॉल सुरू, आणि तुम्ही सगळ्या परमनंट."

इकडे पतसंस्थेतून बोलावणं आलं होतं. आईने तिथे आठ वर्षं पिग्मी गोळा केली होती. दारोदार फिरून लोकांचे रोजचे दहा-वीस रुपये जमवायचे, आणि दुपारी काउंटरवर बसून म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून द्यायच्या. आता तिथे क्लार्कची कायम जागा निघाली होती आणि मॅनेजर मगदूम साहेबांनी पहिलं नाव आईचं धरलं होतं. पगार ऑर्बिवेक्सच्या निम्मा, पण कायम. पप्पा शिरोलीच्या फौंड्रीत होते. पाठीच्या ऑपरेशननंतर चार महिने घरीच पडून होते. म्हणजे घर आईच्या एका नोकरीवर. कोणत्या, ते त्या दिवशी बाराच्या आत ठरवायचं होतं.

आणि सकाळी साडेसातला पेडणेकर सरांकडून आलेलं पत्र ऑफिसच्या बायकांच्या ग्रुपवर पडलं. एस्टोनियाचं. वर शिक्का, खाली सही.

मी मोठ्याने वाचलं. स्पर्धेत वाचते तसंच, हात हलवत. "द अथॉरिटी हॅज अ‍ॅक्सेप्टेड द विथड्रॉवल ऑफ द अ‍ॅप्लिकेशन सबमिटेड बाय ऑर्बिवेक्स..."

"अर्थ सांग, अर्थ."

"अ‍ॅक्सेप्टेड! मान्य केलं! विड्रॉलचं अ‍ॅप्लिकेशन मान्य केलंय, आई!"

"विड्रॉल?"

"हो! आता लोकांना पैसे काढता येणार. म्हणजेच परवाना मिळाला! परवान्याशिवाय पैसे काढायला देतील काय?"

पप्पा कॉटवरून म्हणाले, "हे एस्टोनिया कुठं आलं गं? हातकणंगल्याच्या पुढं काय?"

"पप्पा, सीरियस व्हा जरा!"

आई मात्र हसली नाही. मोबाईल परत घेऊन त्या ओळीवर बोट ठेवून ती बघत राहिली. मग म्हणाली, "अजून एकदा वाच. सावकाश. खाली अजून बरंच लिहिलंय."

"ते सगळं कलम अमुक, कलम तमुक असतं गं. माझ्यावर विश्वास नाही काय तुझा? जिल्ह्यात पहिली आलीय मी."

"तसं नाही गं. विड्रॉल म्हणजे विड्रॉलच ना? दुसरं काही नाही ना?"

"तूच आठ वर्षं विड्रॉलच्या स्लिपा भरल्यास. तूच सांग, दुसरं काय असतंय?"

हे मात्र तिला पटलं. पतसंस्थेत विड्रॉल म्हणजे विड्रॉल. गुलाबी स्लिप, मागे सही, घ्या पैसे.

दहा वाजता तिने माझ्यासमोर फोन लावला.

"साहेब, शैलजा हुक्केरी बोलतेय. तुम्ही माझं नाव पुढं केलंत, तुमचे फार उपकार. पण माझं इथलंच कायम होतंय."

पलीकडून मगदूम साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "शैलाताई, नक्की काय? नंतर चेअरमनना परत विचारता येणार नाही. यादीत खाली चारजणी बसल्यात."

आईने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही अंगठे वर केले.

"नक्की साहेब," आई म्हणाली.

मग तिने ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "सख्यांनो, पत्र मी वाचलं. विड्रॉलचा अर्ज मंजूर! परवाना आला!" पुढचा अर्धा तास मोबाईल नुसता नाचत होता. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या रुबिना मुजावर काकूंनी तर उत्तरादाखल आपला आवाज पाठवला, "शैला, मी पेढे घेऊन येतो! आणि त्या पेडणेकराला दोन चारतो, लई दिवस तोंड पाडून बसलाय!"

मी शाळेत गेले ती तरंगतच गेले.

शाळेतही माझा मोठा दिवस होता. आमच्याकडे शाळाप्रमुखाची निवडणूक अगदी खऱ्यासारखी व्हायची. अर्ज भरायचे, छाननी व्हायची, मग मतदान. मुलींतून दोघींचे अर्ज होते. एक माझा, एक समिधा ऐनापुरेचा. मी भाषण पाठ करून आले होते. मधली सुट्टी झाली तशी कुरणे मॅडमनी आम्हा दोघींना स्टाफरूमबाहेर बोलावलं.

"ऋजुता, अभिनंदन. तू बिनविरोध."

"म्हणजे?"

समिधा खांदे उडवून म्हणाली, "मला विज्ञान प्रदर्शनाला वेळ द्यायचाय बाई. शिवाय तुझ्यापुढं बोलायचं कुणी? घे, हो प्रमुख."

मी तिला मिठी मारली. खरंच, उडीच मारली. मॅडम म्हणाल्या, "हळू! आधी हिच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कर." आणि त्यांनी समिधाचा कागद माझ्यापुढे ठेवला. आमची शाळा सेमी-इंग्रजी. असले अर्ज मॅडम इंग्रजीतच घ्यायच्या. वरती ठळक अक्षरांत मथळा छापलेला होता.

विथड्रॉवल ऑफ अ‍ॅप्लिकेशन.

मी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मॅडम," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? अर्ज मागे घेतला तिने. माघार. पेपरात वाचत नाहीस काय निवडणुकीच्या वेळी, 'आज अर्ज मागे घेण्याची शेवटची मुदत'? तेच हे."

"विथड्रॉवल म्हणजे पैसे काढणं ना?"

समिधा फिदीफिदी हसली. "समिधाने पैसे काढले! अगं, मी काय पतपेढी आहे?"

मॅडमही हसल्या. "काढून घेणं, मागे घेणं. बँकेत पैसे काढून घेतात, इथं अर्ज काढून घेतला. आणि वाचताना शब्द उलटे करू नकोस हं. विथड्रॉवल ऑफ अ‍ॅप्लिकेशन. कशाचं विथड्रॉवल? अर्जाचं."

सकाळची ओळ मला तोंडपाठ होती. स्पर्धेची सवय, एकदा मोठ्याने वाचलं की पाठ होतं. द अथॉरिटी हॅज अ‍ॅक्सेप्टेड द विथड्रॉवल ऑफ द अ‍ॅप्लिकेशन. कंपनीने परवान्याचा अर्जच मागे घेतला होता. आणि एस्टोनियाने म्हटलं होतं, बरं.

समिधा विचारत होती, "ए, काय झालं? रडतीयस काय?" मी रडत नव्हते. त्या कागदावर मी सही केली की नाही हे मला आजही आठवत नाही.

फोन करून उपयोग नव्हता. आईच्या ऑफिसात मोबाईल दाराशीच कपाटात ठेवून घ्यायचे. कुणाच्या पासपोर्टचा फोटो काढू नये म्हणून. मी सायकल काढली. शिपाईमामा गेटवर आडवे आले. "ओ, कुठं?" "मी शाळाप्रमुख आहे!" मी ओरडले, आणि ते बिचारे बाजूला झाले. शाळाप्रमुख म्हणून मी केलेलं पहिलं काम म्हणजे शाळेतून पळणं.

तिसऱ्या मजल्यावर मी कधी गेले नव्हते. बाहेरच्यांना बंदीच होती. पण दाराशी वॉचमन नव्हता. तो आत पेढे खात होता. दार उघडंच होतं. बत्तीस पडदे, बत्तीस बायका, आणि मधल्या टेबलावर पेढ्यांचा उघडा खोका. कुणीतरी पंख्याला फुगा बांधलेला होता. रुबिनाकाकूंनी मला ओळखलं.

"अगं, शैलाची लेक ना तू? ये, ये! घे पेढा. किती मोठी झालीस!"

आई खुर्चीतून वळली. तिच्या गालात पेढा होता. माझं तोंड बघून तिने चावायचं थांबवलं.

"पप्पांना काय झालं?"

"पप्पांना नाही," मी म्हटलं. "आई, ते पत्र... अर्ज मागे घेतलाय. कंपनीने. परवान्याचा अर्जच मागे घेतलाय. विड्रॉल म्हणजे पैसे नव्हे, माघार."

मला वाटलं होतं सगळ्या एकदम ओरडतील. पण सगळ्यांनी माना कोपऱ्याकडे वळवल्या.

कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतून पेडणेकर सर बाहेर आले. त्यांच्या हातात अर्धा पेढा होता.

"सर," आई म्हणाली, "पोरगी म्हणतेय ते खरं काय?"

सरांनी पेढ्याकडे बघितलं. "मला रात्रीच मेल आली होती. मी सकाळीच तुमच्याकडे पाठवली ना? लपवलं काही नाही मी."

"तुम्हाला अर्थ माहीत होता?"

"मला वाटलं, तुम्ही वाचाल."

"आणि पेढा?" रुबिनाकाकू उठून उभ्या राहिल्या. "मी तुमच्या हातावर पेढा ठेवला की हो! काय म्हणालात तुम्ही? 'थँक यू रुबिना' म्हणालात!"

तो अर्धा पेढा कुठे ठेवावा हे सरांना सुचत नव्हतं.

मग काकू आईकडे वळल्या. "आणि शैला, तू तरी? तू म्हणालीस, मी वाचलं. मी सासूला सांगून बसलो, दिराला सांगून बसलो..."

"माझी चूक," आई म्हणाली. "मी वाचलं. मला कळलं नाही."

"आई..."

तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. गप्प बस, असा तो हात होता. आणि खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं.

"काकू, आईने नाही वाचलं," मी म्हटलं. "मी वाचलं. तिने मला पुन्हा वाचायला सांगितलं होतं. मी नाही वाचलं."

रुबिनाकाकूंनी माझ्या गणवेशाकडे बघितलं, रिबिनींकडे बघितलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण त्या मटकन खाली बसल्या.

"दिवसाला दोनशे कागद बघतो आम्ही," त्या म्हणाल्या. "एखाद्याच्या पासपोर्टाची मुदत एक दिवसानं संपली असली तरी धरतो. आणि आपल्या मालकाचा कागद? तो नववीतल्या पोरीनं वाचला, आणि बत्तीस जणींनी पेढे वाटले."

आईने माझं मनगट सोडलं. दाराजवळच्या कपाटातून मोबाईल घेतला आणि जिन्यात गेली. मी मागोमाग.

"साहेब, शैलजा हुक्केरी. सकाळी मी नाही म्हटलं, ते... ते मला परत घ्यायचंय."

मगदूम साहेब हळू म्हणाले, "शैलाताई, साडेअकराला पुढच्या बाईंना फोन झाला. बाराला त्या पेन घेऊन हजर. आता मी कुणाच्या तोंडाने काय सांगू?"

"बरोबर आहे साहेब," आई म्हणाली. "ठेवते."

ती जागा गेली ती गेलीच. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत आत गेली.

आत सर म्हणत होते, "हे बघा, वरून अजून बंद करा असं आलेलं नाही. शिफ्ट नऊपर्यंत आहे. पेंडिंग अर्ज संपवा. आजचे पैसे मिळतील, माझी जबाबदारी."

आई खुर्चीवर बसली. तिच्या पडद्यावर पुढचा अर्ज येऊन थांबलेला होता. एक आजी, वय बहात्तर. पांढरे कापलेले केस, गळ्यात चष्म्याची साखळी. आईने सवयीने सगळं बघितलं. पासपोर्टची मुदत. फोटो. विजेचं बिल.

"हिचं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग करा हिरवं," सर म्हणाले. "पुढं चला."

"हिचं बरोबर आहे, सर. आपलं नाही."

तिने लाल बटण दाबलं. पडद्यावर कारणांची यादी उघडली. मुदत संपली, फोटो अस्पष्ट, पत्ता जुळत नाही. सगळ्यात खाली 'इतर', आणि त्याच्यापुढे रिकामा चौकोन. तिथे लिहिलेलं थेट ग्राहकाला जायचं. आईने 'इतर' निवडलं.

"ऋजू," ती म्हणाली. जिन्यातून आल्यावर माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. "आमच्याकडे परवाना नाही. हे इंग्रजीत कसं लिहू? असं सांग, की दुसरा अर्थच निघायला नको."

मी आधी वाक्य मनात दोनदा तपासलं. स्पर्धेत सहाशे लोकांसमोर कधी तपासलं नव्हतं.

"वी हॅव नो लायसन्स," मी म्हटलं.

"शैलाताई, असं करता येणार नाही," सर म्हणाले. "हे कंपनीच्या विरुद्ध..."

"स्पेलिंग सांग," आई म्हणाली.

मी सांगायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "ए पोरी, मोठ्यानं सांग की. इकडं ऐकू येईना." रुबिनाकाकूंनी आपली खुर्ची पुढे ओढली होती. त्यांच्या मागे अजून एक, अजून एक. मी टेबलाच्या कडेला उभी राहिले आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, दोनदा सांगितलं. खोलीभर कीबोर्डांचा पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. पेडणेकर सर काचेच्या खोलीत पळाले आणि फोनवर ओरडायला लागले, "लॉगिन बंद करा! कोल्हापूरचे सगळे लॉगिन!"

आईच्या पडद्यावर खाली एक छोटी चौकट उघडली. त्या आजींचं उत्तर आलं होतं. तीनच शब्द. मी वाचायला पुढे वाकले, तर आईने हाताने मला थांबवलं. तिने एकेका शब्दाखाली बोट धरलं आणि स्वतः वाचलं.

"हू... आर... यू?"

पडद्यावर कोपऱ्यात आईचं नाव 'एजंट एकोणीस' असं होतं. आपलं नाव किंवा गाव ग्राहकाला कधीही कळवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आईने मला काही विचारलं नाही. दोन बोटांनी, सावकाश, तिने लिहिलं: शैलजा हुक्केरी, कोल्हापूर.

आणि पाठवलं.

मेसेज पोचल्याची खूण उमटली, आणि पडदा काळा झाला. आधी आईचा, मग रुबिनाकाकूंचा, मग एकेक करत सगळ्या रांगेचा.